एका कडव्यापुरती

"या तबकडीत गाणं आहे का नुसता बाजा, ते बघतो आधी," हर्षवर्धन म्हणाला आणि ग्रामोफोनची चावी फिरवायला लागला. "गाणं असलं तर नेऊ दिलसुखनगरला. नुसता बाजा असला तर नक्को. तिथल्या नव्या फ्लॅटमध्ये आपल्यालाच जागा नाही, हे कुठं ठेवणारैस तू?"

शेवटचा प्रश्न बायकोला, भाग्यलक्ष्मीला होता. ती भांडी कागदात गुंडाळत होती. गौलीगुड्याचं भाड्याचं घर आज सुटत होतं, आणि भंगारवाला ओट्यावर तराजू टेकवून बसला होता. दोन-तीन वर्षांत घरात रंगीत टीव्ही आला, केबल आली, मिक्सर आला. नव्या वस्तू शिरल्या की जुन्यांनी मुकाट्याने बाहेर पडायचं असतं.

हर्षवर्धनची आई, तारामतीबाई, खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचा मुकाटपणा तर आता कायमचाच होता. गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी गाठीपायी गळ्यातली आवाजाची पेटीच काढली. तेव्हापासून गळ्यावर पांढरं फडकं आणि बोलायचं ते पाटीवर लिहून. ती पाटीही सकाळी कुठल्याशा खोक्यात गेली होती.

मुलाच्या हातातली तबकडी त्यांनी लांबूनच ओळखली.

तबकडीवर बँडमास्तरचं नाव ठसठशीत होतं. खाली आता पुसट झालेल्या बारीक अक्षरांत एवढंच, की सोबत गायन आहे. गाणाऱ्या पोरीचं नाव घालायची त्या बँडमास्तराला गरज वाटली नव्हती. ती पोरगी म्हणजे तारामतीबाई. त्यांचे वडील उत्तमराव फौजेच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. लढाईच्या दिवसांत सिकंदराबादच्या क्लबात गोऱ्या सोल्जरांच्या नाचासाठी मोठा बँड उभा राहिला, आणि मिशनच्या शाळेत शिकलेल्या लेकीला त्यांनी तिथे गायला उभं केलं. उभं कसलं, बसवलंच. त्या बँडांची रीतच तशी. गाणारीने पुढे खुर्चीत बसायचं, हात मांडीवर, चेहरा हसरा. आधी सगळा बँड वाजणार. मग तिने उठून एक कडवं म्हणायचं, पुन्हा बसायचं, आणि बँड संपेपर्यंत हसत राहायचं.

लग्न ठरलं तेव्हा होणारे पती नामदेवराव म्हणाले होते, "ते गाण्याचं आमच्या घरी काढू नका. माय जीव देईल." माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. तबकडी त्यांनी ट्रंकेच्या तळाशी जपली आणि जन्मात एकदाही लावली नाही. तारामतीबाईंनी सासरी आरतीसुद्धा ओठांतल्या ओठांत म्हटली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पोटच्या पोराने आईचं गाणं कधी ऐकलं नाही. सासू गेली, नवरा गेला, आणि पोराला सांगावं असं मनाशी ठरेपर्यंत आवाजही गेला. आता तो उरला होता फक्त या तबकडीत.

सुई टेकली. जरा खरखर झाली आणि ट्रम्पेट, सॅक्सोफोन सगळे एकदम उसळले. तारामतीबाई ताठ बसल्या. पदर सारखा केला, हात मांडीवर घेतले.

हर्षवर्धनने थोडा वेळ ऐकलं. "बाजाच आहे," म्हणाला आणि सुई उचलली. "ओ भाई, ये भी ले लो."

त्यांनी घाईने हात वर केला.

"हौ आई, पुरे ना? तुला पण आवाज सोसत नसेल," तो मायेनेच म्हणाला.

भंगारवाला उठून आत आला. ओरडायला तारामतीबाईंनी तोंड उघडलं. गळ्यावरचं फडकं तेवढं हललं.

"थांबा जी!" भाग्यलक्ष्मी सासूकडे बघत म्हणाली. "अत्तम्मा रडायल्यात, दिसत नाही का? मघापासून बोटांनी ताल धरून बसल्यात. पुरी लावा ती."

"अगं, ट्रकवाला खोळंबलाय..."

"खोळंबू द्या. लावा म्हणते ना."

त्याने पुन्हा चावी दिली. बँड पुन्हा पहिल्यापासून वाजला, फिरून फिरून वाजला, आणि एका वळणावर तारामतीबाई खुर्चीतून उठल्या. आधाराला आलेला मुलाचा हात त्यांनी बाजूला सारला. तोंड उघडलं, आणि तबकडीतून एका कोवळ्या पोरीचा आवाज आला.

शब्द इंग्रजी होते. आवाज स्वच्छ होता, थोडा लाडिक, कुणालाही न घाबरणारा. तारामतीबाईंचे ओठ शब्दाशब्दाला त्याच्याबरोबर हलत होते.

हर्षवर्धनने आधी तबकडीकडे पाहिलं, मग आईकडे. तो तिथेच रद्दीच्या गठ्ठ्यावर बसला. "आई... हे तू?"

एकच कडवं ते. ते संपलं आणि बँड पुन्हा उसळला.

"कधी बोलली का नाहीस? आई, बोल ना," तो म्हणाला, आणि आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं. त्याला रडू आवरेना. भंगारवाला हळूच तराजू उचलून बाहेर गेला.

तारामतीबाई खुर्चीत बसल्या. हात मांडीवर ठेवले. गालांवरून पाणी वाहत होतं आणि चेहरा हसरा होता. बँड अजून संपला नव्हता.