धोंडू सांधेवाल्याचे डोळे

माझा बाप डोळ्यांच्या तपासणीत मुद्दाम नापास झाला आणि त्या आनंदात पेढे घेऊन घरी आला. त्र्याऐंशी सालची गोष्ट.

"नापास झालंय रे झिला!" बाबा दारातूनच ओरडले. "डॉक्टरान लाल दाखवल्यान, मी हिरवो म्हटलंय. हिरवो दाखवल्यान, म्हटलंय कायच दिसना नाय!"

आई देवापुढे पेढा ठेवायला धावली. मी तसाच उभा. ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात टेक्निशियनच्या ट्रेनिंगला माझी निवड झाल्याचं पत्र त्याच सकाळी आलं होतं, आणि ते कसं सांगायचं याची मी दिवसभर मनात तालीम केली होती. वाट लागली तालमीची!

घाटकोपरच्या पुढचं आमचं स्टेशन. बाबा, म्हणजे धोंडू, तिथे सांधेवाले. गाडीला योग्य रुळावर घालायचं काम. तेव्हा अशी रीत होती की नोकरीत असताना माणूस तब्येतीने नालायक ठरला, तर त्याच्या मुलाला चिकटवून घ्यायचे आणि क्वार्टरही घरातच राहायची. मग काय, रिटायर व्हायला दोन वर्षं उरली की आमच्या लायनीतल्या भल्याभल्यांची तब्येत ढासळायची.

आमच्या घराण्याला तर याची परंपराच. आजोबा मालवणाहून आले तेव्हा स्टेशन म्हणजे एक फलाट, एक लाकडी केबिन आणि भोवती भातखाचरं. आजोबा खांबावर चढून सिग्नलचे रॉकेलचे दिवे लावायचे. पुढे विजेचे दिवे आले आणि आजोबांना असा खोकला लागला की विचारू नका. बाबा नोकरीला चिकटले त्या आठवड्यात खोकला गायब! नंतर एका फलाटाचे चार झाले, खाचरांत कारखाने उभे राहिले, पत्र्याच्या शेडी जाऊन सिमेंटच्या आल्या. आम्ही मात्र त्याच दहा बाय बाराच्या खोलीत.

"मला एकदा विचारायचं तरी ना!" मी पत्र पुढे धरलं. "मला नको तुमची रेल्वे."

बाबांनी पत्र वाचलं. चष्म्याशिवाय. "थंय क्वार्टर गावतली?"

"लगेच नाही. वाकोल्यात भाड्याने खोली बघू."

"आणि तुझ्या दोन भयणींक घेऊन मी वाकोल्यात ऱ्हव? माघार घेतलंय तर खोटा बोललंय म्हणान मीच नोकरीतसून जातलंय. आता तुझ्याच हातात रे."

माझ्याच हातात म्हणे! हात बांधून वर हे ऐकवायचं.

पुढचे तीन आठवडे काय सांगू. ज्या माणसाला फलाटाच्या टोकावरून गाडीचा नंबर दिसायचा, तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चाचपडत चालू लागला. समोर ओळखीचा पोर्टर आला की विचारायचा, "कोण तो? शिवदास काय?" आणि घरात शिरला की आईला म्हणायचा, तांदळात खडो आसा. मला हसू यायचं आणि त्यातच रडू यायचं. आता जन्मभर हे सोंग. त्यांना आंधळ्याचं, मला सांध्यावरचं.

पलीकडच्या खोलीतल्या भीमराजचीही ट्रॉम्बेला निवड झाली होती. तो म्हणाला, "अरे, रेल्वेत घेताना तुझी पण डोळ्यांची तपासणी होणार ना? बापाने लालला हिरवा म्हटलं, तू पण म्हण. सुटलास! खोलीचं नंतर बघू यार."

सोपं होतं. इतकं सोपं की मला झोप लागेना. मी नापास झालो तर नोकरीही जाणार, क्वार्टरही जाणार. पण पास झालो तर मी जाणार, त्याचं काय?

तपासणीला बाबा सोबत आले. बाहेर बाकावर बसले. आत डॉक्टरांनी खोलीत अंधार केला आणि समोर दिवा लावला. लख्ख लाल.

"हिरवा," मी म्हटलं.

दुसरा हिरवा. मी लाल म्हटलं. तिसऱ्याला पिवळा असताना पुन्हा हिरवा. आतून इतकं मोकळं वाटलं, इतकं मोकळं!

डॉक्टरांनी खिडकी उघडली, काहीतरी खरडलं आणि मला घेऊन बाहेर आले.

"धोंडू, पोरगं फारच घाबरट रे तुझं," ते हसत म्हणाले. "तिन्ही दिवे चुकवले. तूच सांगितलं होतंस ना, जरा सांभाळून घ्या म्हणून? घेतलं सांभाळून. फिट लिहिलंय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा थेट डोळ्यांत. मला कडेवर घेऊन केबिनच्या खिडकीतून लाल-हिरवा शिकवलेला माणूस तो. त्यांना तिथल्या तिथे कळलं. मला वाटलं, आता तरी बोलतील. म्हणतील, सायबा, पोराक नको हा, सोडा त्येका.

बाबांनी डॉक्टरांपुढे हात जोडले. "उपकार झाले."

रस्त्यावर आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आवशीक सांगा नको," ते म्हणाले.

"काय?"

"तू मुद्दाम चुकवलंस तां."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आणि ते कळूनसुद्धा तुम्ही हात जोडलेत, ते सांगू आईला?"

बाबा थांबले. खांद्यावरचा हात काढला नाही.

"तां पण सांगा नको," म्हणाले.