पावणेदोनचा उपग्रह

किटलीचं झाकण थडथडलं आणि खोलीतली शांतता मोडली. कुनसुलूने गॅस बारीक केला. टेबलाशी बसलेल्या तिघा पुरुषांपैकी एकानेही मान वर केली नाही. टेबलावर एक कागद पडला होता आणि तिघे त्याच्याकडे असे बघत होते, जणू तो स्वतःच स्वतःवर सही करून मोकळा होणार होता.

नऊ एप्रिलला हवामान केंद्रातल्या यंत्राच्या आरशावर धूळ होती, म्हणून त्या दिवसाचे मिथेनचे आकडे ग्राह्य धरू नयेत, एवढंच त्या कागदावर लिहिलं होतं. खाली निरीक्षक म्हणून कुनसुलूचं नाव, आणि नावावर सहीपुरती मोकळी जागा.

"करिंदास," गॅस कारखान्याचे संचालक तोलेगेन सापारोविच म्हणाले. धाकट्या बहिणीला म्हणावं इतक्या प्रेमाने म्हणाले. या माणसाला प्रेम सुटलं की काहीतरी बुडणार, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. "धूळ म्हणजे काय गुन्हा आहे का? हे मोयुनकुमचं वाळवंट आहे. इथे माझ्या नाकात धूळ, उंटाच्या नाकात धूळ. आरशावर असली तर कोणाला आश्चर्य वाटणार?"

"मला वाटेल, अगाय," वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणतात तसं कुनसुलू म्हणाली. " तो आरसा रोज सकाळी मी पुसते."

"एखाद दिवशी राहिलं असेल. लेकुरवाळी बाई तू."

"लेकराचं नाक पुसायचं राहतं कधीकधी. आरशाचं नाही."

कोपऱ्यात बाउरसाकचा तळलेला गोळा कुरतडत बसलेल्या बालाउसाने लगेच बाहीला नाक पुसलं. ती पाच वर्षांची होती आणि आपल्याबद्दल बोललेलं तिला नेमकं ऐकू यायचं.

भानगड साधी होती, म्हणूनच ती निस्तरायला राजधानीहून समिती यावी लागली होती. समिती म्हणजे झान्दोस नावाचा एक तरुण इंजिनियर, नवे बूट, नवा लॅपटॉप. हवामान केंद्र कुनसुलूच्या अंगणातच, आणि कारखाना तिथून चार किलोमीटरवर. नळांतला जादा गॅस सोडायचा झाला तर तो धुरांड्याच्या तोंडाशी जाळावा असा नियम. पण ज्योत पेटवायची कळ दोन वर्षांपूर्वी मोडली आणि तोलेगेन सापारोविचांना त्यात सोयच दिसली. जळता गॅस चाळीस कोसांवरून दिसतो, लोक फोटो काढतात. न जाळता सोडला तर दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते नसतं, असं त्यांचं शास्त्र.

मग कोणीतरी त्यांना सांगितलं की आकाशात एक उपग्रह आहे, त्याला मिथेन दिसतो. हा माणूस घाबरला नाही. त्याने एवढंच विचारलं, "किती वाजता येतो?"

रोज पावणेतीनच्या आसपास, असं कळलं. झालं! व्हॉल्व्हच्या खोलीत भिंतीवर कागद चिकटला: दोन ते साडेतीन बंद. खाली कोणाची सही नाही, शिक्का नाही. वर्षभर कारखाना दुपारी दीड तास श्वास रोखून धरायचा, आणि उपग्रह डोक्यावरून गेला की भस्सकन सोडायचा.

पुढे सरकारने मार्चपासून अख्ख्या देशाला एकच वेळ लावली. इथली घड्याळं तासभर मागे गेली. कारखान्यातली सगळी घड्याळं शिस्तीत मागे घेतली गेली, संचालकांनी स्वतः फिरून तपासली. फक्त उपग्रहाला तो सरकारी आदेश पोचला नाही. तो सूर्याच्या हिशेबाने येतो. नव्या घड्याळात तो पावणेदोनला यायला लागला, आणि भिंतीवरचा कागद होता तिथेच राहिला. मार्चभर ढग होते. नऊ एप्रिलला आभाळ लख्ख, कागदाप्रमाणे दोनपर्यंत मोकळीक म्हणून एकला उघडलेला व्हॉल्व्ह, आणि पावणेदोनला वरून टिपलेलं चित्र: वाळूवर पसरलेलं गॅसचं लालपिवळं लांबलचक पीस. ते परदेशात छापून आलं.

व्हॉल्व्ह उघडणारा माणूस म्हणजे कुनसुलूचा नवरा मक्सूत. टेबलाशी बसलेला तिसरा पुरुष तोच. टोपी गुडघ्यावर ठेवून तो तिच्या कडा चाचपत होता.

"उपग्रह चुकू शकतो," तोलेगेन सापारोविच म्हणाले. "आठशे किलोमीटरवरून बघायचं म्हणजे काय! पण ते लोक म्हणतात, जमिनीवरच्या यंत्राचा आकडाही तोच आहे. तुझ्या यंत्राचा. तेवढं एक बाजूला झालं की उपग्रह एकटा पडतो."

"अगाय, मी दीड वर्ष हे आकडे राजधानीला पाठवते आहे. उपग्रहाला दिवसातून एकदाच दिसतं. माझा आरसा सूर्यासोबत दिवसभर फिरतो. वारा तुमच्याकडून असला की सकाळचंही दिसतं, संध्याकाळचंही. सगळं पाठवलंय."

झान्दोस चपापला. "कोणाला पाठवलंत?"

"तुमच्याच खात्याला."

"उत्तर?"

"नवरोजच्या शुभेच्छा आल्या होत्या. दोन्ही वर्षी."

मक्सूतच्या घशातून हसू निसटलं. त्याने लगेच खोकून ते झाकलं. संचालकांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या आवाजातला भाऊ संपला.

"हसतोस काय, मक्सूत? यंत्र खरं असेल तर गॅस सुटला. गॅस सुटला तर व्हॉल्व्ह कोणीतरी उघडला. भिंतीवरच्या त्या कागदावर माझी सही आहे का?"

"नाही, अगाय."

"मग कोणाच्या हुकमाने उघडलास?"

मक्सूतने संचालकांकडे पाहिलं. ज्या माणसाने हुकूम दिला तोच समोर बसून विचारत होता.

"बघ, करिंदास. आरशावर धूळ, नाहीतर नवऱ्याच्या नोकरीवर. कुठे चालेल ते तू ठरव."

कुनसुलूने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या पगारावर हे घर चालत होतं. तिच्या पगारात जेमतेम पीठ आणि मुलीचे बूट यायचे. तो सही कर म्हणाला असता तर तिने कदाचित केलीही असती आणि जन्मभर त्याला ऐकवलं असतं. पण त्याने टोपी गुडघ्यावरून उचलली आणि टेबलावर, बरोबर त्या कागदावर, ठेवून दिली.

तिने किटली उचलली. घरोघरी पाहुण्याचा वाडगा अर्धाच भरतात; पुन्हा मागावा, बसून राहावं म्हणून. कुनसुलूने तोलेगेन सापारोविचांचा वाडगा काठोकाठ भरला. चहा काठावर फुगून थरथरला, एक थेंब बशीत ओघळला. प्या आणि निघा, हे याहून मोठ्या आवाजात सांगायची रीत या मुलखात नाही.

संचालकांचे कान तांबडे झाले. एवढ्यात झान्दोसने लॅपटॉप मिटला आणि शाळकरी पोरासारखं विचारलं, "ताते, तो आरसा बघायला मिळेल?"

मोठ्या बहिणीला म्हणतात तसं ताते म्हणाला, आणि कुनसुलू विरघळली. दीड वर्षात पहिल्यांदा कोणीतरी यंत्राबद्दल विचारत होतं! ती त्याला अंगणात घेऊन गेली, मागोमाग सगळेच गेले. तिने दाखवलं, आरसा सूर्याला कसा धरून राहतो, ऊन आत कसं फोडलं जातं, आणि मिथेन, कार्बन डायऑक्साइड आपापल्या वाटणीचा उजेड कसा खाऊन टाकतात. "जितका उजेड गायब, तितका वायू," ती म्हणाली. मुलीची पहिली पावलं सांगताना बोलली होती तशी बोलत होती.

"आणि ढग आले तर?"

"मग आंधळा."

"सूर्य मावळल्यावर?"

"तेव्हाही. ऊनच नाही तर फोडणार काय?"

"उपग्रहालाही ऊनच लागतं, नाही का?" झान्दोसने हळूच विचारलं. "हा आपला पावणेदोनवाला."

"लागतं ना. जमिनीवरून परत गेलेलं ऊनच तो—"

ती थांबली. फार उशिरा थांबली. तोलेगेन सापारोविचांच्या चेहऱ्यावर सणाचा आनंद पसरला होता.

ते आत गेले, वाडगा दोन्ही हातांनी उचलून तळापर्यंत प्यायले, आणि टोपीखालचा कागद काढून चार घड्या घालून खिशात ठेवला.

"सहीची काय गरज? आरसा स्वच्छ, यंत्र उत्तम, उपग्रह हुशार. नऊ तारखेला बिघाड झाला होता, आता सुधारणा केली आहे. मक्सूत, उद्यापासून तुझी दुसरी पाळी. संध्याकाळची."

झान्दोसने बूट घालताना तिच्याकडे पाहिलं नाही. महिन्याभरात राजधानीहून पत्र आलं: तपासणीच्या दिवसापासूनचे सगळे आकडे निर्मळ आहेत, उत्कृष्ट निरीक्षणाबद्दल अभिनंदन. या वेळी कोणीतरी तिचे आकडे उघडून वाचले होते. मक्सूतची नोकरी टिकली, घर टिकलं, आरसा खोटा ठरला नाही. तिला जे जे हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं. ते पत्र तिने गॅसच्या ज्योतीवर जाळलं.

त्याच संध्याकाळी ती बालाउसाला घेऊन आरशावर झाकण घालायला अंगणात आली. वाळूपलीकडे सूर्य बुडाला. कागदावर वेळ लिहायची आता गरज नव्हती. सूर्य दिसेनासा होताच वायव्येकडून लांब, सलग फुसकारा ऐकू येऊ लागला.

"कोके कामाला लागले," बालाउसा बापाच्या कौतुकाने म्हणाली.

"हो."

मुलीने झाकणाच्या कड्या आईच्या आधी पटापट लावल्या. मग दोन्ही हात झाकणावर तसेच ठेवून ती फुसकाऱ्याच्या दिशेने तोंड करून उभी राहिली. बराच वेळ ऐकत राहिली.

"अपा," तिने आईला विचारलं, "आता कोण मोजतंय?"