टोकाला नेलेलं बाकडं

कुराबी गावच्या विमानांच्या धावपट्टीच्या मध्यावर, कुंपणाबाहेर एक बाकडं होतं. दर शनिवारी तिथे फ्लाइंग क्लबचे तीन म्हातारे लॅमिंग्टन केक खात बसत आणि उतरणाऱ्या प्रत्येक विमानाला पाटी उंच धरून दहापैकी गुण देत.

विमान चालवायला शिकणाऱ्या नोरीनबाईंना दोनच्या वर कधी मिळाले नव्हते. तीस वर्षं पोरांना गुण देणाऱ्या मुख्याध्यापिका त्या! विमान चढवायच्या झकास, वळवायच्या झकास. पण उतरताना तळ्यावर भिरकावलेल्या चपट्या दगडासारखं ते टणाटण उड्या मारायचं. सहा आठवडे हेच.

"नजर पट्टीच्या टोकाला ठेवा, बाई," शिकवणारा मर्व्ह घसा कोरडा करायचा.

"टोकालाच तर असते!"

मागच्या शनिवारी मर्व्हने विमानाऐवजी बाईंची मान पाहिली. बाकडं जवळ आलं, की मान डावीकडे.

आज बाईंनी आल्या आल्या सांगून टाकलं, "आज शेवटचं. नाही जमलं तर विणकाम शिकेन. घरी सांगून आलेय."

सकाळीच मर्व्हने बाकडं ट्रकमध्ये टाकून पट्टीच्या पार टोकाला, कुंपणापलीकडे नेलं होतं.

"अरे, इथून चाकं कुठली दिसायला?" म्हातारा केव्ह कुरकुरला होता.

"तू कशाला बघतोस? पाटी धर. उंच."

विमान उतरायला आलं.

"अगंबाई, बाकडं कुठे गेलं?"

"ते काय, टोकाला."

बाई डोळे ताणून टोकाकडे पाहू लागल्या. हात आपसूक चालत राहिले. चाकं हलकेच चुरचुरली.

"दिसत नाही हो पाटी. किती दिले?"

"बाई, आपण उतरलोय."

आणखी दोनदा तसंच झालं. मग शेडजवळ विमान थांबवून मर्व्ह पट्टा सोडून खाली उतरला.

"आता एकटीने."

बाईंनी डोळे बारीक केले. "बाकडं तुम्ही हलवलंत."

"वर्गात बाहेर बघणाऱ्या पोराचं काय करता?"

"खिडकीपासून उठवते."

"मी खिडकीच उचलून फळ्याजवळ नेली."

"लबाड!" म्हणत बाईंनी दार ओढून घेतलं.

मर्व्ह ट्रकने बाकड्यापाशी पोचला, तोवर विमान फेरी मारून उतरायला आलं होतं. बाईंची नजर नाकासमोर, सरळ. एकही उडी नाही. तिघांनी दहाच्या पाट्या नाचवल्या. बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही. विमान वळवून शेडकडे निघून गेल्या.

"दहा दिले, आणि बघितलंसुद्धा नाही!" केव्ह फुरंगटला. मग एकदम ताडकन उठला. "मर्व्ह, बादली?"

पहिल्यांदा एकट्याने उडणाऱ्याला बादलीभर पाण्याने भिजवायचं, ही क्लबची रीत. बादली भरून ठेवलेली होती, नेहमीच्या जागी. शेडमध्ये.

चौघे ट्रकमधून धावतपळत पोचले, तेव्हा नोरीनबाई दारातच उभ्या होत्या. कोरड्या ठणठणीत. बादली दोन्ही हातांत.

"या, मर्व्ह," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "नजर टोकाला ठेवा हं."