चर्चच्या बिअरचा हंडा

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या आमच्या गावाने मला चर्चसाठी घडवून घेतलं. दरवर्षी ईस्टरनंतर येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणाला माझ्यात जवाची बिअर शिजायची. गाव प्यायचं, नाचायचं, आणि त्या विक्रीतून चर्चची डागडुजी व्हायची, गरिबाची चूल पेटायची.

वीस वर्षं ती बिअर विल्मट ट्रूड नावाच्या विधवेने केली, एका पैचीही अपेक्षा न धरता. मग एका वसंतात तिचं घर जळालं. चर्चचा कारभारी डेगरी हेक्स्ट तिला म्हणाला, "विल्मटबाई, यंदाची बिअर तुमच्या घरासाठी. गाव तुमच्यासाठी पिईल."

"पिण्यात गाव कधी मागे होतं?" ती म्हणाली. सगळे हसले.

सणाच्या सकाळी नवे पाद्री क्रोम दोन शिपाई घेऊन आले. "देवाच्या अंगणात दारू चालणार नाही. ओतून टाका ती."

विल्मट पुढे झाली. "पाद्रीबाबा, तुम्ही ज्यावर उभे राहून उपदेश करता, ते व्यासपीठ याच दारूवर उभं राहिलंय. तेही मोडायचं का?"

"बाई, जीभ आवर."

तिने डेगरीकडे पाहिलं. तिथे चाळीस माणसं होती. डेगरी आपल्या बुटांकडे बघत राहिला, बाकीचेही गप्पच. शिपायांनी लाथेने मला आडवं केलं. पोटाला पोचा पडला. तो मला कधीच दुखला नाही. दुखलं ते त्या चाळीस जणांचं मौन.

विल्मटनेच मला उचललं, राखेने घासलं, विसळून जागेवर पालथं घातलं. "घ्या तुमचं भांडं," ती डेगरीला म्हणाली आणि बहिणीच्या गावी चालती झाली. तिला परत आणायला कोणी गेलं नाही.

पुढे चर्च गळू लागलं, तेव्हा पाद्रींनी घरटी कर बसवला. मी तोवर डेगरीच्या डुकरांपुढे आलो होतो. माझ्यात कोंडा ओतताना तो कुरकुरला, "विल्मट असती तर हे हसतखेळत झालं असतं."

मित्रांनो, मी तांब्याचा; मला त्याला काही सुनावता आलं नाही. तुम्ही भांडी जपाच. पण जिने तुम्हाला जन्मभर वाढलं, तिला कोणी तुमच्यादेखत हाकलत असेल, तर बोला. तुम्हाला तोंड आहे. डेगरीलाही होतं.