डाव्या मुठीतले सहा मिलिमीटर

मी सिद्धम्मा, औशाची. डाव्या छातीतली गाठ काढली, आता रेडिएशनचा शेक घ्यायला रोज एसटीनं लातूरला येते. दवाखान्यात रोज विचारतात, सोबत कोण? कोणी न्हाई म्हणलं की असं बघतात, जणू मीच कोणाला तरी एसटीत विसरून आले. बघेनात का.

टेबलावर पडायचं, हात डोक्यामागं नेऊन दांड्या धरायच्या, हलायचं न्हाई. मी श्वाससुद्धा जपून घेते. तरी चौथ्या दिवशी मापं काढणारी बुद्धप्रिया आत आली अन् म्हणाली, मावशी, तुम्ही रोज सहा मिलिमीटर सरकलेल्या असता. टेबल हलवून बघितलं, तरी खांदा जाग्यावर येईना. माणूस जरासं इकडंतिकडं होतंच, म्हणून गाठीच्या जागेभोवती पाच मिलिमीटर जास्तीचं धरलेलं असतं म्हणे. ते वाढवलं तर काळजाला शेक बसणार, न वाढवलं तर गाठीची जागाच सुटणार.

माझं टाळकंच फिरलं. मरायला का येते मी इतक्या लांब? हललेच न्हाई, म्हणलं. ती नुसती माझ्या डाव्या मुठीकडं बघत राहिली. शेवटी उघडली मूठ. आत माझं इष्टलिंग, आम्ही लिंगायत गळ्यातल्या डबीत बाळगतो ते.

आता हिला काय सांगू? गळ्यात चांदीची डबी चालत न्हाई म्हणले, म्हणून डबी काढून ठेवली. पण लिंग अंगावेगळं करत न्हाईत आमच्यात. बाहेर कप्प्यात चपलांशेजारी ठेवू का त्याला? म्हणून मुठीत घेते, अन् डाव्या हातानं दांडी दोनच बोटांनी धरते.

"मापाच्या पहिल्या स्कॅनला तर दांडी पूर्ण धरली होती तुम्ही," ती म्हणाली. "तेव्हा हे कुठं होतं?"

"तवा सोमेश आला होता, माझा लेक. बाहेर ओंजळीत घेऊन बसला होता."

"मग आता?"

"बेंगळुरात हाय. एकाच दिवसाची सुट्टी मिळाली त्याला."

बुद्धप्रिया मग म्हणाली, चूक तुमची न्हाई, आमची हाय. लेक आला त्या एका दिवसाचा स्कॅन धरून आम्ही पंचवीस दिवसांचं माप काढलं. आता नवा काढू, मुठीत लिंग असतानाच. रोज जशा येता तशाच पडा.

मला भडभडून आलं. चार दिवसांत माझ्याशी इतकं कोणी बोललं नव्हतं.

जाताना तिनं विचारलं, उद्या स्कॅनला सोमेशला बोलवू का, मी स्वतः फोन केला तर येईल तो.

"नको बाई," मी म्हणलं. "तो आला की परत माप चुकंल."