रजईत राहिलेली सरकी

मित्रांनो, भिंतीवर टांगलेलं हे माणसाएवढं लांब लाकूड बघून कुणी मला तंबोरा समजतं, तर कुणी शिकारीचं धनुष्य. मी धनुकली आहे, कापूस पिंजायची. घाटंजीच्या बाजाररस्त्यावर कय्युमभाईंच्या गादी-रजईच्या दुकानात माझं सगळं आयुष्य गेलं.

मला श्रावण सुताराने सागवानातून घडवलं. आतड्याची तात माझ्यावर ताणून बसवली आणि कय्युमभाईंच्या वडिलांनी लाकडी मुठीने तिच्यावर पहिला ठोका दिला. मी अशी काही गुणगुणले की रस्त्यावरची माणसं थांबली. तेव्हापासून मला स्वतःचा थोडा गर्व आहे, तो मी लपवत नाही.

माझं काम सोपं दिसतं, पण त्यात कान लागतो. ठोका बसला की तात थरथरते, कापूस फुलून उडतो आणि कचरा खाली पडतो. घरी सरकी, म्हणजे कापसाचं बी, काढलेल्या कापसात एखादी सरकी राहतेच. ती तातीला लागली की माझा सूर तुटतो. मग कय्युमभाई हात थांबवायचे, सरकी चिमटीत उचलून डब्यात टाकायचे आणि पुन्हा ठोका द्यायचे. सरकी आत राहिली, तर उंदीर रजई सोडत नाहीत. पिंजलेला कापूस खोळीत भरला की कय्युमभाईंच्या पत्नी कमरुन्निसाभाभी रजईवर टाके घालत. पहिल्या कोपऱ्यात त्या नेहमी दोऱ्याचं एक लहानसं पान काढत. दिवाळीनंतर दुकानात कापूस असा उडायचा की दोघांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. किती सुखाचे होते ते दिवस!

मग दोन हजार सालानंतरची ती वाईट वर्षं आली. कापसाला भाव राहिला नाही. गावोगावच्या बायका म्हणायच्या, "इकून तरी काय भेटते? त्यापरीस रजयाच भरून घेऊ." म्हणजे आम्हाला काम होतंच. पण नेमकं तेव्हाच समोरच्या गाळ्यात कय्युमभाईंच्या मावसभावाने, जमीरने, विजेवरचं पिंजायचं यंत्र बसवलं. आमचं दिवसभराचं काम ते तासाभरात उरकायचं.

कय्युमभाई आजवर भिंतीकडे तोंड करून बसत. आता त्यांनी बैठक रस्त्याकडे फिरवली. जमीरकडे कोण गेलं, कोण किती वेळ बसलं, सगळं त्यांना पाठ.

"पाहा, लखीरामची बायको बी तिकडंच गेली," ते म्हणत. "जमीरले कापसातलं काय समजते? सारा धागा मारून टाकते तो."

खरं सांगते, मला हे ऐकायला गोड लागायचं. मीही त्या यंत्राला नावं ठेवत होते. ना सूर, ना ताल, नुसती घरघर! माझी तात सैल पडत चालली होती. ती ताणायचं कय्युमभाईंना सुचलं नाही, आणि मलाही त्याचं काही वाटलं नाही.

भाभी एकदा म्हणाल्या, "तुमी जमीरच्या दुकानाचे चौकीदार हा काय?" कय्युमभाई हसले, पण बैठक काही फिरली नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या जुन्या गिऱ्हाईक इंदुताई आल्या. त्यांच्या मुलीचं, कोकिळाचं, लग्न पुसदला ठरलं होतं. घरचा निवडक कापूस त्यांनी आमच्यापुढे ठेवला. "यंत्राची रजई नोको, भाऊ. तुमच्याच हातची पाह्यजे."

एवढ्या विश्वासाने दिलेलं ते काम! कय्युमभाईंनी ठोके दिले, पण डोळे समोरच्या दुकानात. माझा सूर त्या दिवशी कितीदा तरी तुटला. त्यांनी ऐकलं नाही. मी ऐकलं, पण मीही समोरच बघत होते.

लग्नाला दोन महिने झाले आणि इंदुताई ती रजई घेऊन परत आल्या. उंदरांनी तिची चाळण केली होती. कापूस बाहेर आला होता.

"सासू म्हणते, मायनं पोरीले सरकीची रजई देली," त्या म्हणाल्या. "सारे जण तिले हासून राह्यले, भाऊ."

कय्युमभाई पटकन बोलून गेले, "ही मायी नसंल. जमीरच्या यंत्राची दिसते."

भाभींनी रजई ओढून घेतली. कोपरा उलटून दाखवला. तिथे दोऱ्याचं पान होतं. मग त्यांनी एक शिवण उसवून रजई झटकली. जमिनीवर सरक्या पडल्या, चांगल्या मूठभर.

"टाका माया हाये," त्या म्हणाल्या. "आन् कापूस तुमी पिंजला."

मित्रांनो, त्या वेळी मला वाटलं, जमिनीने मला पोटात घ्यावं.

कय्युमभाईंनी बैठक उचलून पुन्हा भिंतीकडे केली. माझी तात काढून नवी ताणली. तीन दिवस ते त्याच कापसावर बसले. दर थराला थांबत, कान देत, सरकी वेचत. मग भाभींजवळ सुई मागितली. "तू दाखव, मी शिवतो. मले आजवर टाका घालता आला नाही." पन्नाशीच्या माणसाने बोटं टोचून घेत टाके शिकले. पहिल्या ओळी इतक्या वाकड्या, की भाभींनी हसत हसत उसवल्या.

रजई तयार झाल्यावर ते स्वतः एसटीने पुसदला गेले. काय झालं ते इंदुताईंनी नंतर सांगितलं. भरल्या घरात, कोकिळाच्या सासूपुढे त्यांनी रजई ठेवली आणि म्हणाले, "माय, चूक माया हातची होती. पोरीच्या मायनं चांगलाच कापूस देल्ता." सासूबाईंनी रजई दाबून पाहिली, उलटसुलट केली आणि सुनेला म्हणाल्या, "पाहुण्याले चहा ठेव."

त्या दिवशी संध्याकाळी कय्युमभाई परतले. भाभींनी विचारलं, "जमीरकडं लय गर्दी होती म्हणते आज. तुमाले दिसली काय?"

ते त्या दुकानावरूनच चालत आले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं. "ध्यानच नाही गेलं," ते म्हणाले आणि मला खुंटीवरून काढलं.

जमीरचं दुकान पुढेही जोरात चाललं. आमचं बेताचंच राहिलं. पण त्यानंतर आमच्या दुकानातून सरकी राहिलेली एकही रजई गेली नाही.

आता माझी तात तुटली आहे, लाकडाला कीड लागली आहे. मला पुसून ठेवा, जपा, असं मी म्हणत नाही. मित्रांनो, तुमच्या हातात जे काम असेल ते तेवढं जपा. समोरच्याचं काम कसं चाललंय ते तो बघेल. तुमच्या हातून राहून गेलेल्या चुकीसाठी कुठेतरी एखाद्या कोकिळाला खाली मान घालावी लागते.