नत्थुजीनं पसंत केलेली नाव

भादव्यात पूर्णेचं पाणी उतरणीला लागलं आणि मैनाबाईचा डोंगा कामातून गेला. मोहाच्या खोडातून कोरलेला जुना डोंगा तो, तिच्या सासऱ्याच्या वेळचा. तळाला आधीच दोन ठिगळं होती. तिसरं मारायला घेतलं तर खिळा लाकडात रुतायच्या ऐवजी भुशात घातल्यासारखा आत गेला.

मैनाबाई आणि तिचा दीर नत्थुजी, दोघांची मासेमारीत अर्धी अर्धी पाती, म्हणजे सारखा वाटा. नवरा महादेव दोन वर्षांपूर्वी तापानं गेला, तेव्हापासून नत्थुजी एकटा डोहावर जायचा, जाळं टाकायचा आणि मैनाबाई मासोळी घेऊन चांदूर बाजारला बसायची. नत्थुजीची बायको कधीच वारलेली. शेजारी शेजारी दोन खोपटी. जेवण मैनाबाईच्या चुलीवर.

नावेसाठी पैसा साठवणं महादेव असल्यापासूनच चाललं होतं. पितळेच्या डब्यात ब्याण्णव कलदार रुपये जमले होते, आणि डब्याची किल्ली मैनाबाईच्या कमरेला. बाई मोठी संशयी. कोथिंबिरीची जुडी घेतानासुद्धा ती मधून उकलून बघायची. महादेव म्हणायचा, माझी बायको देवाचा प्रसादही उलटून पाहते.

"वयनी, नाव घ्याच लागन आता," नत्थुजी म्हणाला.

"घेऊ ना. सागवानाचीच घेऊ. तुमचे दादा आन् तुमी रोज तेच त बोलत होते."

नत्थुजी हातातली काडी मोडत बसला. "म्या परतवाड्याले जाऊन आलो. देवीदास मिस्त्री पंच्याऐंशी रुपये सांगते. वरतून बैलबंडीचं भाडं. मंग जाळ्याले काय उरते? त्यापक्षा खालच्या घाटावरची उत्तमरावची लहान नाव हाये. पंचेचाळीसात देऊन राह्यला. हलकी हाये. चांगली हाये."

 मैनाबाईनं भाकरी उलटली. हाच माणूस दोन वर्षं सागवान, सागवान करत होता. सागवान पाण्याला भीत नाही, सागवान नातवापर्यंत पुरतं, असं डोहावरून आल्या आल्या सांगायचा. आणि आता एकदम उत्तमरावची नाव चांगली?

उत्तमराव खालच्या घाटाचा ठेकेदार. माणसं, बैल, कापसाच्या बंड्या पलीकडे पोचवायचा ठेका त्याच्याकडे होता. पण नागपूरच्या सरकारनं त्या घाटावर पूल मंजूर केला. खांब उभे राहिले, आणि पूल झाल्यावर नावांचं काय करणार म्हणून उत्तमरावनं नावा विकायला काढल्या. इथपर्यंत सगळं सरळ. सरळ होतं म्हणूनच मैनाबाईला ते सलत होतं.

त्यात मासोळीचं वेगळंच. आखाडापासून टोपली हलकी येत होती. मरळ तर दिसेनाशीच झाली होती. झिंगे आणि बारीकसारीक मासोळी. विचारलं की नत्थुजी म्हणायचा, "पानी गढूय हाये." श्रावण गेला, पाणी निवळलं, तरी टोपली तेवढीच.

बाजारच्या दिवशी मैनाबाईच्या बाजूला माणिकबाई बसायची. माळ्याची बाई, वांगी-मिरची घेऊन यायची. तिचं माहेर खालच्या घाटापाशी. वांगी रचता रचता ती म्हणाली, "तुया दीर काहून आमच्या माहेराकडं येऊन राह्यला वो? दोनदा पाह्यला म्या त्याले उत्तमरावच्या ओसरीवर. चहा पेत होता. जाताना उत्तमरावच्या घरातून फडक्यात बांधून काहीतरी देल्लं त्याले. इकडंतिकडं पाहून अंगातल्या बंडीत खुपसलं त्यानं."

"काय देल्लं?"

"मले काय माईत बाई? जड होतं काहीतरी."

मैनाबाईच्या हातातली मासोळी तशीच राहिली. गिऱ्हाईक भाव विचारत होतं, तिला ऐकूच आलं नाही. म्हणजे मरळ कमी का येते, त्याचं उत्तर मिळालं. नत्थुजी ती परस्पर उत्तमरावकडे घालत असणार. आणि नावेत त्याची दलाली ठरलेली असणार. तिला राग येण्याआधी लाज वाटली. रोज या माणसाच्या ताटात ती पहिली भाकरी वाढत होती.

दुसऱ्या दिवशी भाचीकडे जाते असं सांगून ती मोटारीनं परतवाड्याला गेली. देवीदास मिस्त्रीचं आवार लाकडाच्या वखारींच्या मागं होतं. मेळघाटातून उतरलेलं सागवान रचून ठेवलेलं, भुशाचा गोड वास, आणि मधोमध ठोकळ्यांवर एक अर्धी झालेली नाव. मैनाबाईनं तिच्या फळीवर हात फिरवला. महादेव असता तर इथून हलला नसता.

"केवढ्याची?"

"पंच्याहत्तर," मिस्त्री म्हणाला.

"पंच्याऐंशी नायी?"

मिस्त्री हसला. "जास्तीचे देता का? माझा एकच भाव असते बाई. मांगच्या हप्त्यात पूर्णेकडचा एक भोई आल्ता, त्यालेबी पंच्याहत्तरच सांगतले. तो तवा तयार असलेल्या नावेत बसला, वल्हं हातात घेतलं, आन् लगेच उतरला. म्हणे, वजनी हाये. सागवान वजनी नायी असन त काय कापसाचं असन?"

परतताना मोटारीत तिला दुसरं काही सुचत नव्हतं. दहा रुपयांचं खोटं. तोंडावर, तिच्याच चुलीपुढं बसून. ती गावात उतरली ती घरी न जाता थेट भोयांच्या महाजनाकडे, जातीच्या मुख्य पंचाकडे, गेली. म्हातारा पंजाबराव महाजन खाटेवर बसला होता. मैनाबाईनं त्याला सांगितलं, पाती मोडायची आहे, नत्थुजीच्या मनात चोर आहे.

पंजाबराव म्हणाला, "पुरावा पायजे बाई. आपल्यात ज्याचा हात त्याची पाती. हात चालते तोवर त्याले काढता येत नायी. आन् काढलं त त्याले मंग कोन घेईन?"

"पुरावा आनतो मी," मैनाबाई म्हणाली.

पुरावा म्हणजे नावच. नावेत खोट सापडली की सगळं उघडं पडणार होतं. दोन दिवसांनी ती नत्थुजीला म्हणाली, "चला, दाखवा तुमच्या पसंतीची नाव."

नत्थुजीचा चेहरा उतरला. "तुमी कायले येता? पाह्यली ना म्या."

"तुमी पाह्यली. म्या कुठं पाह्यली?"

उत्तमरावची नाव काठाला बांधलेली होती. वीस माणसं नेणारी मोठी नाव बाजूला, आणि ही तिची पोर वाटावी अशी. तळाला डांबर ताजं, चकचकीत. मैनाबाईला तेच हवं होतं. ताजं डांबर कोण कशाला फासतं? तिनं नखानं ते खरवडलं. दगड घेऊन एक एक फळी ठोकून पाहिली. फळ्या टणटण वाजल्या. तिचा विश्वास बसेना. तिनं पुन्हा ठोकल्या.

उत्तमराव ओसरीवरून ओरडला, "बाई, दरसाल भादव्यात डांबर मारतो मी! नवरी पाह्यला आल्यासारखी काय पाह्यता? बसा आन् एक फेरी मारा."

"मारतो ना," मैनाबाई म्हणाली आणि नत्थुजीकडे वळली. "चला मधात."

"आज ओढ हाये पान्याले," नत्थुजी पुटपुटला. "आपन दसऱ्यानंतर येऊ."

"ओढीच्या पान्यासाठीच घेऊन राह्यलो ना नाव? का हे सुकीवरच ठेवाची हाये?"

त्याला ठाऊक आहे, मधोमध गेलं की पाणी आत येतं, म्हणून हा टाळतो आहे, अशी मैनाबाईची खात्री झाली. ती नावेत चढून मागच्या फळीवर बसली. नत्थुजीनं दोर सोडला, वल्हं घेतलं आणि काही न बोलता नाव लोटली.

काठ सुटेपर्यंत ठीक होतं. मैनाबाई खाली वाकून तळाकडे पाहत होती. सांधे कोरडे. तिनं बोट फिरवून पाहिलं. बोटाला डांबर लागलं, पाणी नाही. नाव मधल्या ओढीत शिरली आणि तिचं तोंड फिरलं. पुलाचे अर्धे बांधलेले दगडी खांब समोर दिसू लागले.

"वल्हवा ना!"

नत्थुजी वाकला, पण नाव वळेना. हा मुद्दाम करतो आहे, मैनाबाईच्या मनात आलं. मी भ्यावं, परत चला म्हणावं, तळाकडे बघायचं सोडावं. ती आणखी खाली वाकली. एवढ्यात खांबावर आपटणाऱ्या पाण्याचा आवाज अगदी जवळ आला. तिनं मान वर केली तेव्हा नत्थुजीचा उजवा हात वल्ह्यावरून निसटून मांडीवर पडला होता, मेलेल्या वांब मासोळीसारखा. तो एकट्या डाव्या हातानं झटत होता. दात ओठांत रुतले होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

मैनाबाईनं नावेतला बांबू उचलला. लहानपणी बापाच्या डोंग्यात धरला होता, त्यानंतर कधी नाही. ती उभी राहिली, नाव डुचमळली, आणि तिनं सगळा भार टाकून बांबू खांबावर रोवला. नाव खांबाला घासत, करकरत बाजूनं निघाली. खाली वाळूचा पट्टा होता. तिथं ती दोघांसकट जाऊन बसली.

मैनाबाईनं पुन्हा तळावर बोट फिरवलं. नाव कोरडी होती.

"कवापासून?" मैनाबाईनं विचारलं.

"आखाडात. डोंगा वर ओढताना खांदा उतरला. बसवून घेतला, पन ताकद नायी आली. जायं फेकताच येत नायी मले, वयनी. काठाकाठानं झिंगे धरून आनतो."

"आन् उत्तमरावच्या घरून काय बांधून आनता?"

नत्थुजीनं चमकून पाहिलं. "मालकांगनीच्या तेलाची बाटली. त्याच्या बायकोनं देल्ली खांद्याले लावाले. तुमाले कोनं सांगतलं?"

"कोनीबी सांगो. आन् दहा रुपयाचं खोटं? तेबी खांद्यानंच सांगतलं का?"

 नत्थुजी वाळूत बोटानं रेघा ओढत राहिला. "सागवानाची नाव वजनी हाये. मायाच्यानं वल्हवल्या जात नायी. ते सांगतलं असतं त तुमी म्हनलं असतं, काहून? मंग खांद्याची गोठ निघाली असती. ज्याचा हात त्याची पाती. माया हात गेला. दादा नायी, बायको नायी. पाती गेली त मी कुठं जाऊ?"

मैनाबाईला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त संतापही आला. इतके दिवस ती चोर शोधत होती आणि चोर नव्हताच. पण खोटं होतं, ते खरंच होतं. तिच्या नाकासमोर माणसानं तीन महिने एका हातानं काम केलं, आणि जुड्या उकलून बघणारी ती, तिला दिसलं नाही. तेही तिला लागलं.

"खोटं बोलाले तोंड बरं चालते तुमचं," ती एवढंच म्हणाली. "उठा. भाव कराचा हाये."

उत्तमराव काठाकाठानं धावत आला होता, घामानं डबडबलेला. मैनाबाईनं त्याला तोंड उघडू दिलं नाही. खांबाला घासून बाजूची फळी सोलपटली होती, तिच्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "हे पाहा, जखम झाली नावेले. चाळीस."

"ते आताच तुमीच केलं ना बाई!"

"नाव तुमचीच होती ना तवा?"

बेचाळीसावर सौदा पटला.

महाजनाकडे जाऊन शब्द मागं घेणं भाग होतं. मैनाबाईनं तो घेतला, पण अर्धाच. "चोरी नायी केली त्यानं," ती म्हणाली, "लबाडी केली." पंजाबरावनं विचारलं, मग आता हात कुणाचा? मैनाबाई म्हणाली, "वल्हं मी धरन. त्याले डोहाचा तळ माईत हाये, तो जायं लावन." पंजाबरावला ते पसंत पडलं नाही. बाईमाणसानं बांबू धरला की नदी रुसते, असं काहीतरी तो बोलू लागला. मैनाबाई उठून आली. उरलेल्या पैशांत फेकजाळं न घेता तिनं पाण्यात उभं लावून ठेवायचं लांब जाळं विणायला सूत घेतलं. तसं जाळं डाव्या हातानंही सोडता येत होतं.

आश्विनात ऊन चढल्यावर दोघांनी नाव घाटावरून वर गावाकडे आणली. मैनाबाई मागं उभी राहून बांबू रेटत होती. तिच्या तळहातांना फोड आले होते. नत्थुजी पुढं बसून वाट सांगत होता.

"डाव्या अंगाले ठेवा. तिथं पान्याखाली खडक हाये."

पाणी तर सपाट दिसत होतं. मैनाबाईनं बांबू खुपसून पाहिला. टक् करून आवाज आला.

थोडं पुढं गेल्यावर तो म्हणाला, "इथं बाभयीचं खोड पडलं हाये." तिनं बांबू खुपसला. खोड होतं.

करंजाच्या झाडापाशी नत्थुजी पुन्हा बोलला, "उजवीकडून घ्या आता. मधात उथय हाये." मग मागं वळून त्यानं तिच्याकडे पाहिलं. "पाह्यत नायी का बांबूनं?"

"पाहीन ना," मैनाबाई म्हणाली. "ते मले सांगाची गरज नायी." आणि तिनं बांबू पाण्यात घातला.